रस्त्याकडेची बेवारस गाडी हलायला इतका वेळ का लागतो?

मे महिना उतरणीला लागला की कोकणातल्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर गटारसफाई, धोकादायक झाडं आणि दरडींच्या बातम्यांच्या जोडीला आणखी एक बातमी दिसते. रस्त्यालगत उभी असलेली बेवारस वाहनं मालकांनी तत्काळ हटवावीत, अन्यथा कारवाई करण्यात येईल. पुढे पाऊस येतो, जातो. गणपतीला मुंबईहून माणसं गावी उतरतात तेव्हा त्यातल्या बऱ्याच गाड्या तिथेच असतात, फक्त चाकांभोवती टाकळा वाढलेला असतो.

मग नाक्यावर दोन प्रश्न ऐकू येतात. एक, क्रेन आणून उचलायला नगरपरिषदेचं काय जातं? दुसरा याच्या उलट: कुणाची तरी मालकीची वस्तू नगरपरिषद परस्पर उचलेलच कशी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. गाडी जागेवरून उचलणं हे तासाभराचं काम आहे. त्या गाडीवरचं मालकाचं नाव कायद्याने उतरवणं हे महिन्यांचं काम आहे. पहिलं काम एका खात्याचं, दुसरं दुसऱ्याच खात्याचं, आणि गाडी ज्या जमिनीवर उभी आहे ती अनेकदा तिसऱ्याच खात्याची. हा गुंता एकदा समजला की आपण अर्ज कुठे करायचा, कुणाला काय विचारायचं आणि आपलीच गाडी बंद पडली तर काय करायचं, हे सगळं सोपं होतं.

## बेवारस कशाला म्हणायचं

धुळीने माखलेली प्रत्येक गाडी बेवारस नसते. महिना-दोन महिने मालक गावी नसतो, गाडी झाकून उभी असते, कागद चालू असतात. ती फक्त उभी आहे. बेवारस म्हणजे जिचा ताबा मालकाने सोडलेला दिसतो आणि जिच्यावर हक्क सांगायला कुणी पुढे येत नाही अशी गाडी. चाकं बसलेली, काचा फुटलेल्या, बॅटरी आणि सायलेन्सर गेलेला, नंबर प्लेट अर्धी किंवा गायब, अशा खुणा पंचनाम्यात लिहिल्या जातात. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष जागेवर केलेली नोंद, आणि पुढच्या सगळ्या कारवाईचा पाया तोच.

कोकणात अशा गाड्या येतात कुठून? चाकरमान्याने गावच्या वापरासाठी आणून ठेवलेली जुनी गाडी बंद पडते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा वर जातो. पर्यटनाचा किंवा चिऱ्यांच्या वाहतुकीचा धंदा बसला की टेम्पो, सुमो रस्त्याकडेला लागतात. चोरीची दुचाकी पेट्रोल संपेपर्यंत चालवून स्टेशनबाहेर सोडली जाते. आणि पूर येतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा घरांसोबत, दुकानांसोबत गाड्याही बुडाल्या. ज्यांचा सर्वंकष विमा होता त्यांना भरपाईचा मार्ग होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसान धरते. पण ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता, त्यांना स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. पुरात घर गमावलेल्या माणसाने चिखलाने भरलेली जुनी मोटारसायकल आहे तिथे सोडली, तर त्याला बेजबाबदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरीही ती गाडी कुणीतरी हलवावीच लागते.

## हलवणं वेगळं, मोडीत काढणं वेगळं

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२७ सांगतं की सार्वजनिक जागी एखादं वाहन दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेलं असेल, किंवा पार्किंगला बंदी असलेल्या जागी उभं असेल, तर त्या हद्दीतला गणवेशधारी पोलीस अधिकारी ते टो करून हलवायला परवानगी देऊ शकतो. मोडलेलं, जळलेलं, अर्धवट सुटं केलेलं वाहन रहदारीला धोका ठरत असेल तर लगेच हलवता येतं, दहा तास थांबायचीही गरज नाही. टोइंगचा खर्च मालकाच्या माथी, दंड असेल तर तो वेगळा.

दहा तास! हे वाचून अनेकांना धक्का बसतो, कारण आपल्या नाक्यावरची गाडी दहा महिने उभी असते. पण या कलमाने फक्त हलवण्याचा अधिकार मिळतो. हलवलेली गाडी सरकारच्या मालकीची होत नाही. ती यार्डात जाऊन उभी राहते आणि तिथेही तिचा मालक तोच असतो ज्याचं नाव आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर आहे.

पोलिसांच्या ताब्यात आलेल्या आणि मालक न सापडलेल्या वस्तूचं काय करायचं हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दिलं आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. कलम ५०३ प्रमाणे दंडाधिकारी जाहीरनामा काढतात: अमुक वर्णनाची वस्तू मिळाली आहे, हक्क असेल त्याने सहा महिन्यांत पुढे यावं. कुणी आलं नाही तर कलम ५०४ प्रमाणे ती राज्य सरकारच्या अखत्यारीत जाते आणि विकता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्येही बेवारस मालमत्तेसाठी अशीच जाहीरनाम्याची पद्धत आहे.

म्हणजे गाडी आज उचलली तरी तिचा लिलाव व्हायला सहा महिने तर नक्कीच हवेत, आणि तोवर ती ठेवायला जागा हवी. अनेक लहान नगरपंचायतींची गाडी इथेच अडते. क्रेन भाड्याने मिळते, हायड्रा म्हणजे फिरती क्रेन चालवणारा गावात असतोच. पण चाळीस-पन्नास गाड्या पावसाळाभर ठेवायला कुंपण घातलेली, राखण असलेली जागा दापोली, गुहागर किंवा वैभववाडीसारख्या गावांत सहज कुठून आणायची? जागा नसली की कर्मचारी गाडीवर नोटीस चिकटवतात, फोटो काढतात आणि थांबतात. बाहेरून हा आळस वाटतो. काही वेळा तो असतोही. पण बरेचदा पुढची पायरीच बांधलेली नसते.

संहितेत एक सोय मात्र आहे, जिच्याकडे फार कमी लक्ष जातं. मालक अज्ञात असेल आणि वस्तू आपोआप लवकर खराब होणारी असेल, किंवा तिची किंमत दहा हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर दंडाधिकारी ती लवकर विकण्याचा आदेश देऊ शकतात. ही तरतूद कलम ५०५ मध्ये आहे. खाऱ्या हवेत सडलेल्या, इंजिन गेलेल्या दुचाकींची किंमत दहा हजारांपर्यंत कुठली जायला! स्थानिक पोलीस ठाण्यांनी असे प्रस्ताव एकगठ्ठा पाठवले तर निदान दुचाकींचा ढीग कमी होईल असं मला ठामपणे वाटतं.

## कोकणात उशीर जास्त महाग का पडतो

सोलापुरात किंवा जालन्यात गाडी वर्षभर उभी राहिली तर तिच्यावर धूळ बसते. वेंगुर्ल्यात किंवा हर्णैला तीच गाडी वर्षभरात पत्र्याने गळायला लागते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते ओलाव्याबरोबर पत्र्याच्या सांध्यांत बसतं आणि गंज कितीतरी वेगाने पसरतो. त्यात चार महिन्यांचा पाऊस. आधी तळाचा पत्रा जातो, मग दारांच्या खालच्या कडा, मग चासीचे सांधे.

याचा पहिला परिणाम सरळ आहे. सडलेली गाडी धड उचलता येत नाही. पट्टा लावून वर घेतली की बॉडी मधून तुटते, चाकं फिरत नाहीत म्हणून ओढताही येत नाही. जे काम एका टो गाडीने झालं असतं त्याला हायड्रा आणि ट्रक दोन्ही लागतात.

दुसरा परिणाम त्याहून गंभीर आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गाडीची खरी ओळख नंबर प्लेटमध्ये नसते, ती चासी नंबरमध्ये असते. हा नंबर धातूवर ठोकलेला असतो, दुचाकीला बहुधा हँडलखालच्या नळीवर. प्लेट चोरीला गेली तरी चासी नंबरावरून मालक शोधता येतो. पण गंजाने तो नंबरच खाल्ला तर? प्रयोगशाळेत रसायनं लावून पुसलेला नंबर उठवता येतो, पण रस्त्याकडेच्या जुन्या स्कूटरसाठी तेवढी खटपट सहसा कुणी करत नाही. म्हणजे किनाऱ्यावर गाडी जितकी जास्त दिवस उभी, तितकी तिच्या मालकापर्यंत पोचायची वाट बुजत जाते. नोटीस चिकटवायच्या पहिल्याच दिवशी चासी आणि इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो काढून नोंदीत लावणं, हे इथल्या नगरपरिषदांनी सर्वांत आधी करावं असं काम आहे. त्याला ना क्रेन लागते ना यार्ड.

तिसरी गोष्ट आरोग्याची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. उघडा टायर, उलटलेला हेडलाइट, फुटलेल्या काचेतून सीटखाली साठलेलं पाणी, एवढी जागा त्याला भरपूर. ही अंडी सुक्या टायरच्या आतल्या बाजूला महिनोन्‌महिने टिकतात आणि पहिल्या पावसात पुन्हा जिवंत होतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं, ते घरातल्या पिंपांसाठी आपण पाळतोही. नाक्यावरच्या बेवारस जीपचा कोरडा दिवस कोण पाळणार? शिवाय अशा गाड्यांत उंदीर घर करतात. लेप्टोस्पायरोसिसची झळ सोसलेल्या सिंधुदुर्गाला उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या या तापाबद्दल वेगळं सांगायला नको.

आणि तेल. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, बॅटरीतलं ॲसिड आणि शिसं हे सगळं गंजलेल्या टाक्यांमधून हळूहळू जमिनीत उतरतं. आपला जांभा सच्छिद्र आहे. वर सांडलेलं खाली झिरपायला फार वेळ लागत नाही, आणि आपल्याकडे रस्त्यापासून विहीर काही पावलांवर असते.

या किनाऱ्याला सुरक्षेची बाजूही आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला माणूस नसलेली एक नौका रायफलींसह वाहत आली आणि जिल्हाभर नाकाबंदी झाली. तिचा घातपाताशी संबंध नव्हता हे नंतर कळलं. पण किनाऱ्याजवळच्या अनोळखी, बिननंबरच्या गाडीकडे पोलीस गांभीर्याने पाहतात त्यामागे हा इतिहास आहे.

## मालक सापडतो कसा, आणि सापडूनही का सापडत नाही

गाडीचा नंबर मिळाला की आरटीओच्या वाहन प्रणालीतून नोंदणीकृत मालकाचं नाव निघतं. एमएच-०८ असेल तर रत्नागिरी, एमएच-०७ असेल तर सिंधुदुर्ग, एमएच-०६ असेल तर रायगड. इथवर सोपं.

पुढचं समजायला सातबारा डोळ्यांसमोर आणा. गावातल्या पडक्या घराच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव असतं, वारस वीस-पंचवीस, निम्मे मुंबईत, काही परदेशात, घर कुणीच पाहत नाही आणि पाडायचं म्हटलं की सगळ्यांच्या सह्या लागतात. गाडीचंही तसंच होतं. मूळ मालकाने ती विकली, विकत घेणाऱ्याने सेल लेटरवर सह्या करून पुढे विकली, तिसऱ्याने गावी आणली आणि आरसीवर नाव राहिलं पहिल्याचंच. नोटीस जाते डोंबिवलीतल्या माणसाला, ज्याने ती गाडी बारा वर्षांपूर्वी विकलेली असते.

कायद्याच्या नजरेत मात्र जबाबदारी त्याचीच. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. तो खटला अपघाताच्या भरपाईचा होता, पण जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने त्यातून एवढं घ्यावं: पैसे मोजून घेतले की व्यवहार पुरा होत नाही. गाडी विकल्याची माहिती विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते.

गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर आणखी एक नाव त्यात येतं. कर्ज थकलेलं, गाडी बंद, कंपनीला ती ओढून नेण्यात रस नाही आणि बोजा उतरल्याशिवाय ती मोडीतही काढता येत नाही. टुरिस्ट गाड्यांच्या बाबतीत हे फार दिसतं.

## जागा कोणाची, त्यावर अर्ज कोणाकडे

नगरपरिषदेत अर्ज दिला आणि ती म्हणाली आमची हद्द नाही, हा अनुभव अनेकांना येतो. टोलवाटोलवी असतेच, पण हद्दीचा प्रश्न खराही आहे.

शहरातला अंतर्गत रस्ता नगरपरिषदेचा किंवा नगरपंचायतीचा. तिथे मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. गावातला रस्ता आणि मोकळी जागा असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे अडथळे आणि अतिक्रमणं काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. हे अनेक सरपंचांनाही माहीत नसतं. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर त्यापुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. जेटीवर किंवा बंदराच्या जागेत मेरिटाईम बोर्ड. एसटी आगारात महामंडळ. लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळसारख्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. कोकण रेल्वेच्या स्थानकाबाहेर, जिथे मुंबईला गेलेल्या माणसांच्या दुचाकी महिनोन्‌महिने उभ्या असतात, तिथे जागा रेल्वेची.

जागा कोणाचीही असो, रस्त्यावरची गाडी हलवायला कलम १२७ चा पोलिसांचा अधिकार लागू होतो. म्हणून एकच अर्ज करायचा आणि त्याच्या प्रती दोघांना द्यायच्या: जागेच्या मालक खात्याला आणि पोलीस ठाण्याला. त्यात गाडीचा प्रकार, रंग, दिसत असेल तर नंबर, जवळची ठळक खूण आणि ती साधारण कधीपासून उभी आहे हे लिहा, तारीख दिसेल असा फोटो जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. महिना उलटूनही काही झालं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली ते विचारा. उत्तर द्यायची मुदत तीस दिवस आहे. गावात असाल तर ग्रामसभेत ठराव घ्या. एकट्याच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन जास्त असतं आणि गाडीवाल्याशी वैर धरल्याचा आरोपही कुणा एकावर येत नाही, हे लहान गावात महत्त्वाचं.

## पोलीस ठाण्यात आणि तहसीलच्या आवारात सडणाऱ्या गाड्या

"आधी तुमच्या आवारातल्या हलवा," असं लोक म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पोलीस ठाण्यासमोरच्या गाड्या बहुतेक मुद्देमाल असतात, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा. त्यांना कोर्टाच्या आदेशाशिवाय हात लावता येत नाही. पण कोर्टांनीच हा ढीग नको असं वारंवार सांगितलं आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाहनं पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन पंधरा दिवस ते महिन्याभरात ती सोडावीत. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये तर मुदतीच घातल्या आहेत: कोर्टासमोर वस्तू आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. हे काटेकोर पाळलं गेलं तर नवे ढीग साचणार नाहीत. जुन्या गाड्यांसाठी प्रत्येक ठाण्याने कोर्टात वेगळे अर्ज करायला हवेत.

तहसीलच्या आवारातले डंपर बहुधा बेकायदा वाळू किंवा चिरे वाहताना महसूल संहितेच्या कलम ४८ खाली पकडलेले असतात. दंड भरून ते सोडवता येतात. दंडाची रक्कम जुन्या डंपरच्या किमतीहून जास्त झाली की मालक फिरकत नाही आणि डंपर गंजत राहतो. लिलावाचा मार्ग इथेही आहे, पण तोपर्यंत बोली लावावी असं त्यात काही उरलेलं नसतं.

नगरपरिषदांच्या स्वतःच्या गाड्यांचंही सांगायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, आणि त्यात नगरपालिका, पंचायती, एसटीसारखी महामंडळं सगळी आली. म्हणजे जुनी घंटागाडी, बंद रुग्णवाहिका, अग्निशमनाचा थकलेला बंब नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जायला हवेत. ज्या नगरपरिषदेच्या मागच्या अंगणात ते अजून उभे आहेत तिने आधी तिथून सुरुवात करावी. नागरिकांना नोटीस देताना तिचा शब्द मग ऐकला जाईल.

## "पंधरा वर्षं झाली म्हणजे भंगारच ना?"

खासगी गाडीच्या बाबतीत, नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणीत गाडी पास झाली तर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांची जी चर्चा आपण टीव्हीवर ऐकतो ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरती आहे. कोकणात वीस वर्षांची गाडी कागद चालू ठेवून सुखाने चालवता येते. कारवाईचा निकष वयाचा नाही, सोडून दिल्याचा आहे.

## "मी रोड टॅक्स भरलाय, मग रस्त्यावर का ठेवू नये?"

हा कर गाडी वापरण्याचा आहे. त्यातून रस्त्याचा तुकडा कायमचा आपल्या नावावर होत नाही. आपल्याकडचे रस्ते आधीच अरुंद, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला वहाळ. तिथे एक बंद टेम्पो उभा राहिला की एसटीला वळण घेता येत नाही आणि शाळेतली मुलं रस्त्याच्या मधून चालतात.

## "गाडी माझ्या अंगणात आहे, मग कुणाला काय त्रास?"

खासगी जागेतल्या गाडीला कलम १२७ लागू होत नाही, कुणी ती उचलून नेऊ शकत नाही. पण तिच्यामुळे डासांची पैदास होत असेल, तेल शेजाऱ्याच्या विहिरीकडे जात असेल, तर तो सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो आणि कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. तिथपर्यंत जाऊ नये. टायर काढून आत ठेवा, काचा बंद करा, बॅटरी काढा, तेल काढून गॅरेजवाल्याला द्या. एवढ्याने निम्मा धोका टळतो.

## "भंगारवाल्याला दिली तर सुटका होत नाही का?"

अंगण मोकळं होतं, पण सुटका होत नाही. गाडी तुकडे होऊन गेली तरी सरकारी नोंदीत ती जिवंत असते, तुमच्या नावावर. तिचा चासी नंबर कुणी चोरीच्या गाडीवर वापरला, त्या गाडीने अपघात केला, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.

यासाठी केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम काढले. नोंदणीकृत केंद्र गाडी घेण्याआधी ती चोरीची आहे का, तिच्यावर बोजा आहे का, हे सरकारी नोंदींत तपासतं. मग तेलं, गॅस, बॅटरी आधी वेगळी काढली जातात, चासी नंबरचा तुकडा कापून जपला जातो आणि उरलेला पत्रा वितळायला जातो. मालकाला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीसाठी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं, आणि मोटार वाहन करात राज्य सरकार ठरवेल तितकी सवलत मिळते. केंद्राच्या नियमात तिची कमाल मर्यादा खासगी वाहनाला २५ टक्के, व्यावसायिक वाहनाला १५ टक्के आहे. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येतं.

गाडी पूर्ण निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सिंधुदुर्गातल्या माणसाने त्यासाठी ओरोसला फेरी मारावी. बेवारस गाडीच्या पुढच्या सगळ्या भानगडींपुढे ती फेरी काहीच नाही. टुरिस्ट किंवा मालवाहू गाडी बंद ठेवायची असेल तर नॉन-यूजची, म्हणजे गाडी वापरात नसल्याची सूचना वेळेत द्यावी, नाहीतर उभ्या गाडीवर कर चढत राहतो आणि मग थकबाकीपायी ती मोडीतही काढता येत नाही.

## "वडील गेले, गाडी त्यांच्याच नावावर आहे"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त कळवळ्याने विचारला गेलेला आहे. वडिलांची स्कूटर भंगारात द्यायला मन होत नाही, चालवायला कुणी नाही आणि कागद त्यांच्या नावावर. नियम असा आहे की वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, इतर वारसांची हरकत नसल्याचं पत्र लागतं. मुदत उलटली असली तरी अर्ज करता येतो. उशिराचा दंड बसेल, पण दार बंद होत नाही. गाडी ठेवायची असो की मोडायची, नाव आधी लावून घ्या, कारण भाऊ-बहिणींच्या सह्या आज जमतील तितक्या सहज दहा वर्षांनी जमणार नाहीत.

## किनाऱ्यावरच्या होड्यांचं काय?

मिरकरवाडा, हर्णै, मालवण, श्रीवर्धन, कुठेही जा, वाळूवर ओढून ठेवलेल्या फुटक्या होड्या दिसतात. त्या मोटार वाहन नाहीत, त्यामुळे वर सांगितलेलं जवळजवळ काहीच त्यांना लागू होत नाही. मासेमारी नौकेची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतो, तर जेटी आणि बंदराची जागा मेरिटाईम बोर्डाकडे. लाकडी होडी निदान कुजते किंवा सरपणाला जाते. फायबरची होडी वितळवता येत नाही, कुजत नाही, आणि गाड्यांसाठी आहेत तशी तिच्यासाठी स्क्रॅपिंग केंद्रं नाहीत. उन्हाने तिचे बारीक कण सुटून वाळूत आणि पाण्यात मिसळतात. मच्छीमार सोसायट्यांनी अशा होड्यांची नाव आणि नोंदणी क्रमांकासह यादी करून ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला आणि बंदर निरीक्षकाला द्यावी. परवाने नूतनीकरणाला येतात तेव्हा कोणती नौका पाण्यात आहे आणि कोणती वाळूत, हे त्याच यादीवरून ताडून पाहता येईल.